घाटातील खेकडा आणि शाळेतील फळी
(नभोवाणी भाषण)

ज्या प्रकारच्या विद्युत्-लहरींवर स्वार होऊन माझा आवाज आपल्या घरी पोहोचत आहे, त्याच जातीच्या लहरींनी एखादे छोटे इंजिन दुरून चालविता येते. आवाजाऐवजी तेथे आज्ञा धाडावयाची असते : चाल, थांब, मागे ये. जुन्या विजेच्या कामकरी वाहनांच्या अशा प्रतिकृती करण्याचा छंद जगात पुष्कळांना आहे. इंग्लंडात पहाटे घरोघर दूध पोहोचविणाऱ्या बॅटरीच्या गाड्या, शहरांतील ट्राम, खाणींतील इंजिने ही त्यांची आवडती वाहने. आदिलाबादेतील आमच्या शाळेच्या मुलांनी आणि मी मात्र निवडला तो आपल्या घाटांतील 'खेकडा'.

हा खेकडा म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मालगाडी ओढणारे विजेचे इंजिन. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी सुरू झाली. पुढे १९३० पर्यंत बोर आणि थळ या दोन्ही घाटांत वीज पोहोचली आणि तेथील अवघड चढणीसाठी ही इंजिने आणविण्यात आली. एकंदर ४१ इंजिनांपैकी पहिली दहा स्वित्झर्लंडात आणि बाकीची इंग्लंडात तयार झाली. मध्यभागी चालकाची खोली, पुढेमागे दोन लांब नाके, आणि खाली सांध्याने जोडलेले, प्रत्येकी तीन आसांचे दोन गाडे. वळणावर हे भाग निरनिराळे वळत आणि चाकांचे जोडदांडे खालीवर हलत. कामगार त्याला खेकडा म्हणत. आदिलाबादेहून नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबईस गेलेल्या मुलांना कसाऱ्याचा घाट ठाऊक होता. परंतु त्या घाटात एके काळी कोण राबत होते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

प्रतिकृती करताना पहिला प्रश्न प्रमाणाचा. आम्ही बत्तिसास एक हे प्रमाण घेतले. खऱ्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर आमचे सुमारे ५२. येथपर्यंत केवळ भागाकार आहे. परंतु लांबी ३२ पटींनी घटली, तर वजन किती पटींनी घटते? लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही घटत असल्यामुळे ३२ ला ३२ ने दोनदा गुणावे लागते. उत्तर येते ३२,७६८. खरे इंजिन सुमारे सव्वाशे टनांचे. म्हणजे प्रतिकृती ३.८ किलोची हवी. पुठ्ठा, लाकूड आणि प्लास्टिकचे पत्रे यांचे आमचे पहिले इंजिन मोठ्या कष्टाने दीड किलो भरले. या उणेपणाचे महत्त्व त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

दुसरा प्रश्न जोडदांड्यांचा. या इंजिनात मोटारीचे फिरणे दातेरी चाकांनी एका आडव्या आसाकडे, आणि तेथून दांड्यांनी तिन्ही चाकांकडे जाते. सायकलचे पायटे बरोबर खाली आणि वर असताना नुसत्या दाबाने ती चालू होत नाही, हा अनुभव प्रत्येकाला आहे. तोच अडथळा येथेही येतो. म्हणून एका बाजूचा दांडा दुसऱ्या बाजूच्या पाव फेरा पुढे बसवितात. एक बाजू अडली असता दुसरी जोरात असते. या पाव फेऱ्यात यत्किंचित चूक झाली, तरी चाके जखडतात. आमच्या मुलांचे तीन आठवडे यातच गेले.

तिसरा प्रश्न विजेचा. खरे इंजिन डोक्यावरील तारेतून १५०० व्होल्टचा प्रवाह घेई. प्रतिकृतीच्या छपरावरील तो सांगाडा केवळ शोभेचा. तिचा प्रवाह पोटातल्या बॅटरीतून येतो. रुळांतूनही वीज देता येते, परंतु रुळावर धूळ बसली की ती तुटते. आणि आमच्याकडे कापसाच्या हंगामात हवेतील तंतू चाकांच्या आसांभोवतीही गुंडाळले जातात. बॅटरी पोटात असल्यास ही अडचण उरत नाही. मात्र लिथियमची बॅटरी दुखावली किंवा प्रमाणाबाहेर भरली, तर पेट घेते. ती वडील माणसांच्या नजरेखालीच भरावी.

आता आज्ञेची गोष्ट. हातातील प्रेषक सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलनांच्या लहरी सोडतो आणि इंजिनातील ग्राहक आपल्या जोडीच्या प्रेषकाचेच ऐकतो. ऐकलेली आज्ञा तो विजेच्या लहानशा ठोक्यांच्या रूपाने वेग-नियंत्रकाला देतो. ठोका सेकंदाच्या दीड हजारांश भागाइतका टिकला, तर थांब. दोन हजारांश टिकला, तर पूर्ण वेगाने पुढे. एक हजारांश टिकला, तर मागे. नियंत्रक त्याप्रमाणे बॅटरीचा प्रवाह अतिशय जलद जोडतो आणि तोडतो, आणि मोटार हळू किंवा जोरात फिरते.

इतके सारे जमल्यावर आमचे इंजिन शाळेच्या व्हरांड्यात बाणासारखे सुटले. मुलांनी टाळ्या पिटल्या आणि मीही खूश झालो. त्या दिवशी एका विद्यार्थ्याचे आजोबा आले होते. त्यांनी उमेदीची वर्षे इगतपुरीकडे रेल्वेच्या नोकरीत काढलेली. ते पाहत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हे इंजिन पळायला नव्हतं. मागं उभं राहून गाडी वर ढकलायला होतं. याच्यामागं पाच डबे लावा आणि घाट चढवून दाखवा."

दोन्ही घाटांची चढण सदतिसास एक. आम्ही १८५ सेंटिमीटरची फळी घेऊन एक टोक ५ सेंटिमीटर उचलले. घाट तयार झाला. पाच डबे लावले. इंजिन फळीवर चढले, चाके जागच्या जागी फिरू लागली आणि डबे मागे ओढू लागले. मुलांसमोर माघार नको म्हणून मी हाताने इंजिन दाबून धरले आणि वेग वाढविला. जळका वास आला, मोटार गेली. दोष सर्वस्वी माझा होता.

मग आम्ही हिशेबाला बसलो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. बत्तिसाने भागल्यास सुमारे ३१ सेंटिमीटर. आमच्या चाकाचा घेर सुमारे १२ सेंटिमीटर. म्हणजे मिनिटाला साधारण १५५ फेरे पुरेत. मोटार मिनिटाला आठ हजार फेरे घेते. तेव्हा दातेरी चाकांनी तिचा वेग पन्नासाव्या भागावर आणला पाहिजे. वेग असा घटला, की घर्षणात जाणारा भाग वगळता त्याच मानाने जोर वाढतो. उरलेले वजन वेल्डिंगच्या दुकानातील लोखंडी तुकड्यांनी भरून काढले आणि ते चाकांच्या लगत, खाली ठेवले. वजनावाचून रुळावर पकड नाही, आणि पकडीवाचून मोटारीचा जोर व्यर्थ.

दुसऱ्या खेपेस इंजिन डब्यांच्या मागे लावले. ते इतके सावकाश चढले, की दांड्यांचा एकेक फेरा मोजता आला. आजोबांनी वाकून चाकांकडे पाहिले आणि विचारले, "वाळू कुठं ठेवली?" पावसाळ्यात ओल्या रुळांवर पकड मिळावी म्हणून चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असे, ती आम्ही काढलेल्या नकाशात आलीच नव्हती. मग उतारावर खेकडा काय करी, तेही त्यांनी सांगितले : मोटारीच तेव्हा जनित्रे होऊन गाडीला आवरीत आणि वीज तारेत परत धाडीत. आमच्या साध्या नियंत्रकाला हे परतीचे काम जमत नाही. परंतु मोटारीच्या दोन तारा एकमेकींना जोडून चाक फिरविल्यास ते जड लागते, हे प्रत्येक मुलाने बोटाने अनुभवले.

या जातीचे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. ते पाहून आकार कळतो. पण त्याने घाटात काम कसे केले, हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे आता थकत चालली आहेत. आपल्या गावात ट्रामवर, खाणीत वा रेल्वेत राबलेले कोणी वृद्ध असतील, तर प्रतिकृतीचे पहिले लाकूड कापण्यापूर्वी त्यांच्याकडे जावे. आम्ही उशिरा गेलो आणि एक मोटार जाळून बसलो. सध्या आमची मुले चाकांपुढे वाळूच्या पेट्या बसवीत आहेत.