तक्रारीचे शब्द आणि उत्तराचे शब्द

एटीएममधून नोटा बाहेर आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली, की माणूस मोबाइल काढून शोधतो : ‘एटीएममधून पैसे आले नाहीत खात्यातून कट झाले काय करू’. यातला शब्द न् शब्द खरा असतो. तरीही हाती बहुधा घाबरू नका, बँकेशी संपर्क साधा, अशा गुळमुळीत सल्ल्यांचे लेख लागतात. नेमके उत्तर रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात देऊन ठेवले आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने रक्कम आपणहून परत करायची. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. यूपीआयने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर हीच मुदत एका दिवसाची आहे. मात्र त्या परिपत्रकात ‘कट झाले’ कुठेच नाही. तिथे ‘फेल्ड ट्रान्झॅक्शन’, ‘टर्न अराउंड टाइम’, ‘कॉम्पेन्सेशन’ असे शब्द आहेत. ते इंग्रजी लिपीत टाकून पुढे ‘आरबीआय’ जोडले, की वाट थेट त्या कागदाकडे जाते. शोधताना आपल्या तक्रारीचे शब्द बाजूला ठेवून, उत्तर लिहिणाऱ्याने वापरले असतील ते शब्द टाकावेत, असे मला म्हणायचे आहे ते यासाठी.

विचारणारा आणि लिहिणारा यांचे शब्द जुळत नाहीत, हा काही अडाणीपणाचा परिणाम नव्हे. अमेरिकेतल्या जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच वस्तूला किंवा क्रियेला लोक आपसूक काय नाव देतात, ते तपासले. दोन माणसांनी एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे पहिल्या प्रयत्नात शब्द चुकणे हेच स्वाभाविक आहे. त्याच्याही आधी, १९७२मध्ये, केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवून दिले होते, की थोड्याच कागदांत आढळणारा शब्द शोधात अधिक मोलाचा मानावा. सगळीकडे आढळणारा शब्द काहीच वेगळे काढून देत नाही. ‘प्रॉब्लेम’, ‘माहिती’, ‘कसे करावे’ हे शब्द म्हणूनच जवळजवळ निरुपयोगी. पडद्यावर उमटलेला त्रुटीचा क्रमांक किंवा संदेश जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत टाकला, तर तेवढा एकच तुकडा अख्ख्या वाक्यापेक्षा जास्त काम करतो.

प्रश्नाचा कल हा याहून नाजूक भाग आहे. शोधाच्या माथ्यावर चौकटीत येणारे छोटे उत्तर बहुतेकदा एखाद्या पानातून उचललेले असते, आणि प्रश्न ज्या बाजूला झुकलेला असेल त्या बाजूचे पान पुढे येण्याची शक्यता अधिक. सरपटणारे प्राणी पाळायला चांगले का, असे विचारले तर एक उत्तर आणि वाईट का, असे विचारले तर नेमके उलट उत्तर मिळू शकते, हे खुद्द गूगलने २०१८मध्ये मान्य केले होते. २०२१मध्ये तर याहून गंभीर प्रकार उघड झाला. फिट आल्यावर काय करावे, या शोधाच्या चौकटीत एका रुग्णालयाच्या पानावरची ‘हे करू नका’ ही यादी, त्यातला नकार गळून, करायच्या गोष्टी म्हणून दिसत होती. तब्येत आणि पैसा यांच्या बाबतीत चौकटीवर थांबू नये, मूळ पान उघडावेच. आणि ‘कस्टमर केअर नंबर’ हा शोध तर टाळलेलाच बरा. भामटे आपले क्रमांक नेमके याच शब्दांखाली पेरून ठेवतात. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो. फसवणूक झालीच, तर केंद्र सरकारची १९३० ही मदतवाहिनी आहे.

सामान्य माणसाने परिपत्रकाची भाषा का शिकावी, हा आक्षेप रास्त आहे. फर्नास यांनी सुचवलेला उपायही माणसाला शिकवण्याचा नव्हता. एका गोष्टीला लोक देतात ती सगळी नावे यंत्रणेने सामावून घ्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. मदतीची पाने लिहिणाऱ्यांनी ‘पैसे कट झाले’, ‘अडकले’, ‘गेले पण पोचले नाहीत’ ही सगळी वाक्ये पानावर घेतली पाहिजेत. ती जबाबदारी त्यांचीच आहे. पण ती पार पडेपर्यंत नुकसान विचारणाऱ्याचे होते, म्हणून त्याच्या हातात काहीतरी असायला हवे.

दुसरा आक्षेप नव्या काळातला : आता यंत्राला बोलीभाषा कळते, मग शब्दांचा एवढा खल कशाला? कळते, हे खरे आहे, आणि त्याचा फायदा जरूर घ्यावा. मात्र सफाईदार वाक्यात दिलेली मुदत किंवा रक्कम चुकीची असू शकते, जुनी असू शकते, आणि वाचून ते ओळखता येत नाही. त्यामुळे शोध दोन टप्प्यांत करणे मला अधिक भरवशाचे वाटते. पहिल्यांदा आपल्या भाषेत मोकळेपणाने विचारावे आणि आलेल्या मजकुरातून फक्त नियमाचे नाव, परिपत्रकाची तारीख, एखादी वेगळी संज्ञा टिपून घ्यावी. मग तेवढेच शब्द, संबंधित संस्थेच्या नावासह, पुन्हा टाकावेत आणि संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे पान उघडावे. बँकेच्या शाखेत किंवा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार लिहिताना त्याच परिपत्रकाचे नाव आणि तारीख अर्जात घालता येते.