कर्नाळ्याला जायचंय? आधी कागद-पेन्सिल घ्या!

मित्रांनो, जासईच्या दोन भावंडांचं एक पत्र समोर आहे. दादा नववीत, ताई सहावीत. बाबा बंदरात पाळीनं कामाला जातात, त्यांना सुट्टी मिळणार एकच दिवस. दादाला डोंगरावरचं राष्ट्रीय उद्यान पाहायचंय आणि गडही चढायचाय. ताईला पक्षी बघायचेत. आजी म्हणते, "मलाही न्या रे!" पत्राच्या शेवटी प्रश्न आहे : एका दिवसात हे सगळं कसं बसवायचं?

प्रश्न सोपा नाही, बरं का! आपल्या राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहा. त्यांतलं सह्याद्रीच्या ऐन डोंगररांगेतलं म्हणजे चांदोली. पण जासईहून चांदोली गाठून संध्याकाळी घरी परतणं काही जमायचं नाही. मग जवळ काय? पनवेलच्या पुढे बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळा! हे राष्ट्रीय उद्यान नाही, पक्षी अभयारण्य आहे. या दोहोंत फरक असा : राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला, शेती करायला बंदी असते, अभयारण्यात आजूबाजूच्या गावकऱ्यांचे काही हक्क राहू शकतात. कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलंच पक्षी अभयारण्य. तेव्हा ते जेमतेम ४.४८ चौरस किलोमीटर होतं, पुढे वाढून १२.११ झालं. वाघ नाही, जीपची सफारी नाही. पायी फिरायचं आणि कान उघडे ठेवायचे.

हे कान उघडे ठेवणं मी फार उशिरा शिकलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चाळीस मुलं आणि तीन शिक्षक होतो. पोचलो साडेदहाला. गाण्याच्या भेंड्या म्हणत आत शिरलो. दिवसभरात पक्षी किती दिसले? दोन कावळे आणि एक बुलबुल! माकडं मात्र पुष्कळ भेटली, कारण एकाच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं. घरी आल्यावर मी वडिलांना ठासून सांगितलं, "तिथे पक्षीबिक्षी काही नाहीत." पक्षी होते हो, आम्हीच त्यांना पळवून लावलं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट पहाटेची. उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तास पक्षी खाणं शोधत असतात, गात असतात. ऊन चढलं की गप्प. म्हणजे जासईहून अंधारातच निघायला हवं. उरण-पनवेल एसटी धरा, पनवेल स्थानकात पेण-अलिबागकडची गाडी पकडा. अभयारण्याचं फाटक मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहे. पण जलद गाडी तिथे थांबेलच असं नाही, म्हणून चढण्याआधी वाहकाला विचारा. फाटक किती वाजता उघडतं, तिकीट किती, हे बाबांनी आधीच वनखात्याकडून विचारून ठेवावं. पहाटे तीन वाजता उठून बंद फाटकासमोर बसण्यात काही अर्थ नाही!

आत हरियाल आणि मोरटाका नावाच्या निसर्गवाटा आहेत. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, हिरवट-पिवळं कबूतर. सुरुवातीला महामार्गावरच्या ट्रकचे भोंगे ऐकू येतील. चालत राहा. थोडं आत गेल्यावर ते विरतात आणि मग ऐका. ठोक् ठोक् ठोक्, जणू तांब्याच्या भांड्यावर हातोडी चालू आहे : तो तांबट. कुटुर्र कुटुर्र असा घोष चाललाय : तो कुटुर्गा. एकाच झाडातून चार वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज आले तर शेपटीला दोन लांब तारा लोंबणारा काळा पक्षी शोधा. तो भृंगराज, नकला करण्यात पटाईत! आणि पावसाळ्यात ओढ्याकाठी कुणी शाळकरी मुलगा शिट्टीवर अर्धवट सूर वाजवतोय असं वाटलं, तर तो शीळकरी कस्तूर.

ही मराठी नावं गोळा करण्यासाठी एका माणसानं उभं आयुष्य घालवलं. मारुती चितमपल्ली. वनाधिकारी म्हणून त्यांनी कर्नाळ्यातही काम केलं, आणि पुढे 'पक्षीकोश' लिहिला. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर, पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. पुष्कळदा दिवाळीची सुट्टीही याच सुमारास येते. पाऊस संपलेला, वाट कोरडी, थंडीचे पाहुणे पक्षी येऊ लागलेले. बाबांनी रजा मागायचीच तर या दिवसांत मागावी, आणि शक्यतो रविवार सोडून!

आता दादाचा गड. लांबून अंगठ्यासारखा दिसतो तो गडावरचा कातळाचा सुळका, सुमारे सव्वाशे फूट उंच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या खडकाचा. बोरघाटातून पनवेल बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर इथून नजर ठेवता येई, म्हणून तर गडाला महत्त्व. चढायला दीड-दोन तास लागतात, शेवटचा टप्पा दमछाक करणारा.

पण खरी काळजीची गोष्ट वेगळीच. त्या सुळक्यावर आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी असतात. माश्या उठल्याचे प्रकार या गडावर घडलेले आहेत. आई-बाबांनो, हे जरा नीट वाचा. सुळक्याखाली आरडाओरडा, धूर, दगड मारणं अजिबात नको. अंगाला अत्तर, सेंट नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड आणि डोकं कापडानं झाकून आल्या वाटेनं लांब निघायचं, पण कड्याकडे धावायचं नाही. खूप डंख झाले, किंवा थोड्याच डंखांनी श्वास लागला, ओठ सुजले तर थेट दवाखाना.

म्हणून दादा, माझा सल्ला तुला आवडणार नाही. या खेपेला गड सोड. आजीला घेऊन तो चढता येणार नाही. तिला खाली बसवून तुम्ही वर गेलात तर बाबांचा जीव दोन्हीकडे टांगलेला राहील. आणि परतीच्या गाडीसाठी धावत उतरताना पाय मुरगळतात. त्याऐवजी दुपारी परतताना शिरढोणला उतरा. हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं गाव, १८४५ साली ते इथे जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते! त्यांचं स्मारक बघ, आणि गडासाठी जानेवारीतला एखादा दिवस बाबांकडून आत्ताच लिहून घे.

ताई, तुझ्यासाठी गृहपाठ. जायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी अर्धा तास गावाबाहेरच्या शेताकडे, खाडीकडे बघ. बगळा, खंड्या, शेकाट्या, वेडा राघू. वहीत चार रकाने आख : आकार, रंग, चोच, काय करत होता. नाव माहीत नसलं तरी चालेल. तुझ्या खाडीचे पाणपक्षी आणि कर्नाळ्याचे झाडीतले पक्षी किती वेगळे, हे वहीच दाखवेल.

सामान थोडंच. पाण्याच्या बाटल्या, टोपी, मळकट हिरवे किंवा खाकी कपडे, असली तर दुर्बीण. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकी भाजी. सुकटीची चटणी आजी आग्रहानं देईल, पण तिचा वास चार झाडांपलीकडे जातो, ती घरीच ठेवा! डबा झाडीत उघडू नका, माकडं टपलेली असतात. फाटकाजवळ येऊनच जेवा. आणि रिकामी पिशवी पुन्हा दप्तरात.

आजीला वाटेवर फार चालवू नका. सावलीत एखादी बसायची जागा बघून तिच्याजवळ आळीपाळीनं एकानं थांबा. एका जागी गप्प बसणाऱ्यालाच जास्त पक्षी दिसतात, तेव्हा संध्याकाळी वह्या ताडून बघाल तेव्हा आजीची यादी सगळ्यांत लांब निघाली तर रुसू नका हं!