संगणकाचा पहिला वर्ग आणि आपली वडीलधारी मंडळी

अमेरिकेतील बहुतेक प्रत्येक कम्युनिटी कॉलेजच्या अभ्यासपत्रिकेत एक विषय हटकून आढळतो. त्याचे नाव कोठे ‘बिझनेस कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स’ असते, कोठे आणखी काही. परंतु आतील ऐवज एकच. पत्रे व अहवाल लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, नोंदींचा संग्रह ठेवणे आणि चार लोकांपुढे विषय मांडण्यासाठी पडद्यावरील चित्रे तयार करणे, अशी चार कामे त्यात शिकवितात. विषय बहुधा तीन क्रेडिटांचा आणि सुमारे पंधरा आठवड्यांचा. हिशेबनीस व्हावयाचे असो की कार्यालयीन कामाची पदविका घ्यावयाची असो, आत शिरण्याचे दार पुष्कळदा हेच.

आपल्या तरुण मंडळींना या विषयाचे अप्रूप नाही. त्यांतील बरेचसे त्यांना शाळेतच येऊन गेलेले असते. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्यांच्या आईवडिलांविषयी. मुंबई, पुणे, ठाणे, अलिबाग येथे रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये किंवा एखाद्या पेढीत ज्यांनी वर्षानुवर्षे हिशेब सांभाळला आणि पुढे मुलांच्या मागोमाग जे या देशी आले, त्यांना कोणी हा वर्ग सुचविला की दोन उत्तरे ऐकू येतात. “आम्ही बी.कॉम. झालेले, आता पोरासोरांच्या बाकावर बसायचे की काय?” हे पहिले. “आता या वयात कुठले जमायला!” हे दुसरे. मौज अशी की एकच गृहस्थ पाच मिनिटांच्या अंतराने ही दोन्ही उत्तरे देतात.

पहिल्या उत्तराचा समाचार आपल्या इतिहासानेच घेतलेला आहे. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे वाचकांस विदितच आहे. घाणा सोडून मुंबईस आलेल्यांची मुले-नातवंडे कचेऱ्यांतील मेजांपाशी बसली, ती वाचन, लेखन व हिशेब ही त्या काळची नवी कामे नव्याने शिकून. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले, तीच शाळा पुढे सर एली कदूरी हायस्कूल या नावाने नावारूपास आली. त्यानंतरच्या पिढीत टंकलेखनाच्या वर्गांना जाऊन चाळीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या आपल्या भगिनी काही थोड्या नव्हत्या. खुद्द महाराष्ट्रात २००१ नंतर महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला आणि सरकारी नोकरीतील पोक्त माणसेही त्यासाठी वर्गात जाऊन बसली. ज्यांनी तो तेथे केला असेल त्यांना येथील निम्मा अभ्यास ओळखीचाच वाटेल.

दुसऱ्या उत्तरासाठी मात्र वर्गात प्रत्यक्ष काय शिकवितात ते पाहिले पाहिजे.

या विषयाचा गाभा म्हणजे हिशेबाचा तक्ता, ज्याला येथे स्प्रेडशीट म्हणतात. संगणकावरील या तक्त्याची कल्पनाही एका वर्गातच सुचली. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन हे विद्यार्थी फळ्यावर मांडलेला आकड्यांचा तक्ता पाहात होते. हे गृहस्थ फिलाडेल्फियाच्या एका ज्यू कुटुंबातील. प्राध्यापकांनी एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सर्व आकडे पुसून नव्याने लिहावे लागत. ही पुसापुशी यंत्राने का करू नये, असे त्यांच्या मनात आले, आणि बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्यांनी १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ सिद्ध केले. १९८३ मध्ये ‘लोटस वन-टू-थ्री’ आले, १९८५ मध्ये ‘एक्सेल’, आणि आज कॉलेजात बहुधा एक्सेलच शिकवितात.

ओळी आणि रकाने यांच्या छेदाने झालेले एकेक घर, एवढेच या तक्त्याचे रूप. ज्याने कीर्द लिहून तिची खतावणी केली आहे त्याला यात नवे काय दिसावे? नवे आहे ते एवढेच. समजा, मलिद्याच्या कार्यक्रमाचा अंदाज करावयाचा आहे. माणसे १२०, दर पानामागे १८ डॉलर, सभागृहाचे भाडे ६०० डॉलर. कागदावर आपण २,१६० आणि ६०० मिळून २,७६० लिहून मोकळे होतो. वर्गात सांगतात ते असे की एकूण रकमेच्या घरात २,७६० हा आकडा लिहावयाचाच नाही. तेथे ‘माणसांचे घर गुणिले दराचे घर, अधिक भाड्याचे घर’ असे सूत्र लिहावयाचे. उद्या आमंत्रितांची संख्या १४० झाली तर १२० खोडून १४० लिहावे, एकूण रक्कम आपली आपण ३,१२० होते. उत्तर न लिहिता उत्तराची रीत लिहून ठेवावयाची, ही सवय लागण्यास दोन-तीन आठवडे पुरतात. त्यानंतर सूत्र एका घरातून दुसऱ्या घरात उतरविताना कोणता आकडा जागचा हलू द्यावयाचा नाही, हे सांगण्यासाठी त्याच्या आधी डॉलरचे चिन्ह घालावयास शिकवितात. या चिन्हाचा पैशाशी काडीचा संबंध नाही, हे समजेपर्यंत आपल्याकडील हिशेबनीस थोडे बुचकळ्यात पडतात, इतकेच.

खरी अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. आपण ‘१,००,०००’ असा लाख लिहितो, येथे ‘१००,०००’ लिहितात. स्वल्पविरामाची जागा बदलली तरी रक्कम बदलत नाही, म्हणून हे निभावते. तारखांचे तसे नाही. आपल्याला ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट, येथील यंत्राला तो आठ मे. १३/८ लिहिले तर तेरावा महिना नसल्यामुळे यंत्र ती तारीख मानीतच नाही, निव्वळ अक्षरे म्हणून ठेवून देते. म्हणजे भारतीय पद्धतीने भरलेल्या एकाच रकान्यात काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नव्हेत, असा प्रकार होतो, आणि यंत्र तक्रार म्हणून करीत नाही. त्यातच विंडोजवरील एक्सेलचे पंचांग १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्याआधीचा दिवस त्याला तारीख म्हणून ठाऊकच नाही. शिवाय १९०० च्या फेब्रुवारीला २९ दिवस होते, अशी त्याची ठाम समजूत आहे. ती चूक मूळची लोटसची. जुन्या तक्त्यांशी मेळ राहावा म्हणून जाणूनबुजून पुढे चालविलेली.

हे सर्व बारीकसारीक वाटेल. परंतु आपल्या पुष्कळ घरांतून जी एक जुनी वही असते, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी, हश्काबासाठी घ्यावयाची नावे, कोणाच्या पुण्यतिथीस कोणी कद्दिश म्हणावयाचे याची टिपणे, हे सारे त्या वहीत मराठीत लिहिलेले असते. पणजोबांचा जन्म १९०० पूर्वीचा, म्हणजे एक्सेलच्या लेखी तो दिवस उगवलाच नाही. मृत्यूची तारीख ५/८ असेल तर नातू ती आठ मे धरून मोकळा होणार आणि हिब्रू तिथी काढताना तीन महिन्यांचा घोटाळा होणार. मृत्यू सूर्यास्तापूर्वी झाला की नंतर, यावरही तिथी एका दिवसाने बदलते, आणि एकोणीस वर्षांच्या चक्रात सात वेळा अदार महिना दुहेरी येतो तो वेगळाच. ज्याने हा वर्ग केला आहे त्याला यातून सुटण्याची युक्ती लगेच सुचते. दिवस, महिना व वर्ष तीन वेगवेगळ्या रकान्यांत साध्या आकड्यांनी भरावे, हिब्रू तिथीचे रकाने निराळे ठेवावेत, आणि ‘सूर्यास्तापूर्वी की नंतर’ याला एक स्वतंत्र रकाना द्यावा.

नावांचेही असेच आहे. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ, हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्राला ती दोन माणसे वाटतात. नोंदींच्या संग्रहाचे प्रकरण शिकविताना प्राध्यापक पहिल्याच दिवशी सांगतात की व्यक्ती नावाने ओळखावयाची नाही, प्रत्येक नोंदीस एक स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा आणि तो पुन्हा कोणास द्यावयाचा नाही. मग एका क्रमांकाखाली इंग्रजी, हिब्रू व मराठी अशी तीनही नावे सुखाने नांदतात. देवनागरी अक्षरेही आता या संग्रहात सरळ लिहिता येतात.

आता प्रश्न असा की हे काम करणार कोण? नातवंडांना यंत्र येते, वहीतील मराठी हस्ताक्षर वाचता येत नाही. आजी-आजोबांना ते अक्षर वाचता येते, यंत्र येत नाही. हे दोन्ही ज्याला येते असा माणूस आपल्या समाजात शोधावा लागतो, आणि वही वाचू शकणारे दरवर्षी कमी होत आहेत. येथे जन्मलेल्या मुलाला बोरूच्या वळणाचे मराठी वाचावयास शिकविणे आणि पासष्ट वर्षांच्या हिशेबनिसाला पंधरा आठवड्यांत तक्ता शिकविणे, यांतील सोपे काम कोणते, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

या वर्गाकडे कोणी हलके म्हणून पाहू नये, यासाठी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २०१० साली कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते, असा त्याचा आशय होता, आणि अनेक देशांच्या राजकारणात त्याचा दाखला दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातील गृहपाठ म्हणून ते आकडे पुन्हा मांडून पाहिले. मूळ लेखकांनी पाठविलेला एक्सेलचा तक्ता उघडताच त्याला दिसले की सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी घ्यावयाच्याच राहिल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश त्या सरासरीतून गळले होते. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा लेखकांनी तक्त्यातील चूक मान्य केली. केवळ या चुकीने पडलेला फरक लहान होता, आणि मोठा वाद सरासरी काढण्याच्या पद्धतीविषयी होता, हेही नमूद केले पाहिजे. तथापि सूत्र कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत जाते हे तपासण्याचा धडा पहिल्या वर्गातीलच आहे. बेरीज हाताने पडताळून पाहण्याची सवय ज्यांच्या हाडीमासी खिळली आहे, त्या आपल्या जुन्या हिशेबनिसांना तो निराळा शिकवावा लागत नाही.

वर्गाचे दोषही सांगितले पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी गृहपाठ एका तयार कार्यक्रमावर करून घेतात, आणि कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबली यावर तो गुण देतो. विद्यार्थी कळा दाबावयास शिकतो, कारण समजतेच असे नाही. त्या कार्यक्रमाच्या प्रवेशसंकेतासाठी पुस्तकाइतके पैसे वेगळे मोजावे लागतात, म्हणून नाव घालण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी. तसेच या एका विषयाने नोकरी मिळते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. नोकरीच्या अर्जात ‘एक्सेल येते’ असे खरेपणाने लिहिता येते, हा त्याचा लाभ.

पैशाविषयी थोडे. राज्याच्या रहिवाशांना शुल्क बरेच कमी असते. न्यूयॉर्क राज्यातील कम्युनिटी कॉलेजांत त्यासाठी राज्यात एक वर्ष आणि काउंटीत सहा महिने वास्तव्य लागते. केंद्र सरकारचे ‘पेल’ अनुदान ग्रीनकार्डधारकांनाही मिळू शकते, मात्र ज्याच्यापाशी आधीच पदवी आहे त्याला ते मिळत नाही, आणि भारतातील बी.कॉम.ही यात पदवीच धरली जाते. म्हणजे पदवीधर वडिलांना अनुदान नाही, पण मॅट्रिकनंतर संसारात पडलेल्या आईस उत्पन्नाच्या मर्यादेत ते मिळण्याचा संभव आहे. घरात ही गोष्ट लक्षातच घेतली जात नाही, असे आम्हांस वारंवार आढळते. साठी उलटलेल्यांना न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत अल्प शुल्कात, जागा असल्यास, नुसते श्रोते म्हणून बसता येते. क्रेडिट मिळत नाही, परंतु वही उतरवून घेण्यासाठी क्रेडिट कशास हवे? वेळ मात्र दोघांनाही द्यावा लागेल. तीन क्रेडिटांचा अर्थ आठवड्यास तीन तास वर्गात आणि साधारण सहा तास घरी, असा धरतात.

सणांविषयीही विचारणा होते. शरद सत्र बहुधा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, त्यामुळे नव्याचा सण, दारफाळणीचा सण आणि सुक्कोथ हे नेमके पहिल्या चाचण्यांच्या दिवसांत येतात. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्याच्या २२४-अ या कलमान्वये धार्मिक कारणाने गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्यास चुकलेली परीक्षा वा काम पुन्हा करण्याची संधी द्यावी लागते, आणि त्यासाठी वेगळे शुल्क घेता येत नाही. इतर राज्यांतील वाचकांनी आपल्या कॉलेजचा नियम विचारून घ्यावा. पहिल्या आठवड्यातच सणांच्या तारखा प्राध्यापकांस लेखी कळवाव्यात, महिना आधी लिहून. वर्ग निवडताना शुक्रवारी दुपारचा टाळावा. सप्टेंबरात तो सोयीचा वाटतो, पण डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शाब्बाथचे दिवे लावावयास घरी पोहोचणे होत नाही.