सत्तेची किंमत : मॅक्बेथ आणि राघोबादादा

दिवाळी आटोपली आणि हलक्या धानाची कापणी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. दिवसा मंडई आणि रात्रभर नाटक! वडसा-देसाईगंजच्या नाट्यकंपन्या गावोगाव फिरतात, तर काही गावांत गावचीच मंडळी तोंडाला रंग लावून उभी राहतात. अशाच एका नाटकात एका शूर सेनापतीने गादीच्या लोभाने आपल्या धन्याचा घात केला. पहाटे घरी परतताना माझ्या बाबांनी मला विचारले, "हा मानूस पयले चांगला होता ना रे बाबू? मंग असा काहून झाला?"

बाबांना अक्षरओळख नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. तेव्हा उत्तर मीच द्यायला हवे होते, पण मला ते देता आले नाही. यंदा वर्गात शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ' अभ्यासताना तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. हा लेख म्हणजे त्याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

शोकनायक कसा असावा, हे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. तो देवासारखा निर्दोष नसावा आणि राक्षसासारखा दुष्टही नसावा. तो थोर असावा, पण त्याच्या हातून एक मोठी चूक घडावी आणि त्या चुकीने त्याचा ऱ्हास व्हावा. दुष्ट माणूस बुडाला तर आपण सुटकेचा श्वास टाकतो. चांगला माणूस आपल्याच हाताने बुडाला तरच जीव हळहळतो. म्हणून बाबांच्या प्रश्नातील 'पयले चांगला होता' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात.

मॅक्बेथ पहिल्यांदा चांगलाच असतो. तो रणात प्राणाची पर्वा न करणारा, राजा डंकनचा आवडता सरदार. चेटकिणी त्याला राज्याचे भविष्य सांगतात आणि त्याच्या मनात ठिणगी पडते. तरीही डंकनच्या खुनापूर्वी तो किती तळमळतो! राजा आपला आप्त आहे, धनी आहे आणि आज तर आपल्या घरचा पाहुणा आहे, हे सारे त्याला कळते. एकदा तर तो बेत सोडूनही देतो. पत्नी त्याच्या पौरुषालाच डिवचते, तेव्हा कुठे त्याचा हात उठतो. दुसरा खून जिवलग मित्र बँकोचा. या वेळी तो मारेकरी पाठवतो आणि पत्नीलाही काही सांगत नाही. पुढे मॅकडफ हाती लागत नाही, तेव्हा त्याची बायको व कच्चीबच्ची मारली जातात. त्या हत्येपूर्वी मनात कसलाही झगडा नाही. विचार आला की लगेच कृती! त्या निष्पाप जिवांच्या मरणाने गादी तसूभरही बळकट होत नाही.

पहिल्या खुनाआधी रात्रभर तळमळणारा माणूस तिसऱ्याच्या वेळी क्षणभरही थांबत नाही. सत्तेने माणूस बिघडतो म्हणजे काय, हे मला इथे समजले. सत्ता बाहेरून एखादा नवा दुर्गुण आणून चिकटवत नाही. ती किंमत मागते, आणि ती किंमत माणसाच्या सद्गुणांतूनच वसूल करते. मॅक्बेथने आपली निष्ठा दिली, मग मैत्री दिली, मग शौर्यही दिले. समोरासमोर लढणारा हा वीर शेवटी बायकामुलांवर मारेकरी घालतो. ज्या गुणांमुळे तो राज्याला शोभला असता, तेच त्याने राज्यासाठी खर्चून टाकले.

मराठी रंगभूमीला ही कथा परकी वाटली नाही. शि. म. परांजपे यांनी 'मानाजीराव' लिहून आणि वि. वा. शिरवाडकर यांनी १९५४ साली 'राजमुकुट' देऊन तिला मराठी वेष चढवला. पण मला वाटते, आपल्या इतिहासात याहून जवळचा दाखला आहे, तो रघुनाथराव पेशव्यांचा.

'अटकेपार झेंडा' हे शब्द आपण येता-जाता वापरतो. त्या १७५८ च्या उत्तरेकडील मोहिमेचे नेतृत्व रघुनाथरावांकडे होते. पहिल्या बाजीरावाचा हा मुलगा शूर होता, यात शंका नाही. १७६१ साली पानिपतचा घाव बसला, त्याच वर्षी नानासाहेब पेशवे वारले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली. कर्तबगार काका बाजूला राहिला. ठिणगी पडली ती इथे. १७६२ मध्ये रघुनाथरावांनी पुतण्याविरुद्ध निजामाची मदत घेतली. १७६८ मध्ये धोडपला उघड लढाई झाली आणि पराभूत होऊन ते नजरकैदेत पडले. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी कोवळ्या नारायणरावांना ठार केले.

'ध' चा 'मा' आनंदीबाईने केला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. मॅक्बेथच्या पत्नीवरही लोक असाच सारा दोष टाकतात. पण या कथेने एक सोय होते. बायकोने बिघडवले म्हटले की नायक सुटतो! कागदावरचे अक्षर कोणीही बदलो, पुतण्याला धरण्यासाठी गारद्यांना हाताशी धरण्याची वेळ ज्याने स्वतःवर आणली, त्याची जबाबदारी एका अक्षराने कशी पुसली जाईल? रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवरच.

पेशवाई मिळाली, पण ती काही महिनेच टिकली. बारभाईंनी त्यांना दूर सारले, तेव्हा ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. वसई! चिमाजीअप्पांनी १७३९ साली मराठी रक्त सांडून पोर्तुगिजांकडून जिंकलेली वसई! ते चिमाजीअप्पा रघुनाथरावांचे सख्खे चुलते होते. राज्य राखण्यासाठी सत्ता हवी असते. इथे सत्तेसाठी राज्याचा तुकडाच मोल म्हणून मोजला गेला. सालबाईच्या तहानंतर, १७८३ मध्ये कोपरगावजवळ त्यांचा अंत झाला.

ही लागण एकट्या पुण्याला नव्हती. आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिथेही १७७५ साली पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या गोळीने सावत्र भाऊ साबाजी पडला.

आता शेवटी थोडे स्वतःविषयी. गेल्या मंडईत आमच्या गावच्या नाटकात मुख्य भूमिका माझ्या मित्राला मिळाली होती. तो चौथीतून शाळा सोडलेला, वाचताना अडखळतो. पण आवाज असा की शेवटच्या माणसापर्यंत पोचावा. रोज रात्री त्याच्या अंगणात बसून मी त्याला संवाद वाचून दाखवीत असे. ती भूमिका मला हवी होती. मी अभ्यासाचे निमित्त सांगितले आणि आठ दिवस गेलो नाही. तालमीत तो अडखळू लागला आणि भूमिका माझ्याकडे आली. टाळ्या मला मिळाल्या. तो पडद्याची दोरी ओढत होता.

कुठे राज्य आणि कुठे गावचे नाटक! तुलना हास्यास्पद आहे, हे मला कळते. पण किंमत मी त्याच नाण्यात मोजली. घरात पहिल्यांदा माझ्याच वाट्याला आलेले वाचन, तेच मी त्याच्यापासून राखून ठेवले. शोकनायकाची पहिली चूक केवढी मोठी असते, असे मी वर्गात विचारले होते. आता वाटते, ती फार लहानही असू शकते. ती पचली, की दुसरीच्या वेळी विचार करायला वेळ लागत नाही.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येईल. तो माणूस चांगला होता, म्हणूनच त्याच्याजवळ मोजायला इतके होते. मित्राला मात्र मी अजून काही सांगितलेले नाही. हा अंक छापून आला, की त्याच्या अंगणात बसून हा लेख मीच त्याला वाचून दाखवणार आहे.