आरशाखालचा तराजू

बाजारात घेवडा मोजताना आपण तराजू पाहतो. दोन्ही पारड्यांत भार सारखा झाला, की दांडी आडवी राहते. तारे पाहायलाही हीच युक्ती लागते. कशी ती पाहू.

मोठ्या दुर्बिणीत मुख्य काम भिंगाचे नसते, आरशाचे असते. पुणे जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावर 'आयुका' संस्थेची दुर्बीण आहे. ती 2006 साली सुरू झाली. तिचा आरसा 2 मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंद आहे. आरसा जितका मोठा, तितका ताऱ्यांचा उजेड जास्त गोळा होतो.

आमच्या कोरेगावच्या रात्रीच्या वर्गात आम्ही सांगितले, की असा आरसा स्वतःच्याच वजनाने वाकतो. एक हमाल गडी म्हणाला, "गुरुजी, काच कधी वाकती व्हय?"

वाकते. लहान भाकरी तीन बोटांवर राहते. मोठी भाकरी कडेला लोंबते. तिच्याखाली अख्खा तळहात लागतो. काचेचेही तसेच. केसाच्या जाडीचे पाचशे भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा बाक आला, तरी ताऱ्याचे चित्र बिघडू लागते.

मग खाली पुष्कळ टेकू द्यावेत का? पण चुलीचे दगड तीन, म्हणून भांडे डुगडुगत नाही. चौथा दगड ठेवला, तर एखादा उणा-अधिक होतोच. मग भार तिघांवरच पडतो. चौथा नुसता नावाला.

यावर आयर्लंडमधल्या डब्लिनच्या थॉमस ग्रब यांनी तोड काढली. मुख्य आधार तीनच ठेवायचे. प्रत्येकावर मधोमध तोललेली तिकोनी पट्टी बसवायची. तिच्या तिन्ही टोकांवर तशाच लहान पट्ट्या. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस! एक टोक दबले, की दुसरी वर येतात. भार आपोआप सारखा वाटला जातो. 1845 साली आयर्लंडमध्ये सुरू झालेल्या एका दुर्बिणीच्या सहा फुटी आरशाखाली असे 27 टेकू होते.

ही युक्ती जुनी झालेली नाही. 30 मीटरच्या एका नव्या दुर्बिणीचा आरसा 492 तुकड्यांचा योजला आहे. प्रत्येक तुकड्याखाली 27 टेकू. त्या कामात आपला देशही भागीदार आहे.

हे ऐकून तो गडी म्हणाला, "म्हंजे आमच्यावानीच की! चौघांनी ओझं उचललं आन् एक बुटका निघाला, तर बाकीच्यांचे खांदे मोडत्यात."

अगदी बरोबर. नुसते हात पुष्कळ असून भागत नाही. भार सर्वांवर सारखा पडावा लागतो.