मानेतली गाठ आणि बारीक सुईची तपासणी

"डॉक्टर, गाठीला सुई लावली की ती पसरते म्हणे. त्यापेक्षा सरळ ऑपरेशनच करून टाका!" परळला थायरॉईडचे रुग्ण तपासताना हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे. गावाहून येऊन लालबाग-परळला नातेवाइकांकडे उतरलेली माणसे तर ही धास्ती सोबतच घेऊन येतात.

थायरॉईड ही कंठाच्या खालच्या भागातली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यातली गाठ घोट गिळताना वर-खाली सरकते. या गाठी स्त्रियांमध्ये अधिक आढळतात आणि दर 10 गाठींपैकी सुमारे 9 साध्याच असतात. खरा प्रश्न असतो तो उरलेली एक नेमकी ओळखण्याचा.

त्यासाठी आधी रक्तातील टीएसएच पाहतात आणि मानेची सोनोग्राफी करतात. टीएसएच कमी असेल तर आयसोटोप स्कॅन लागतो. गाठ भरीव आहे की पाण्याची, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, हे सोनोग्राफीत दिसते. प्रत्येक गाठीला सुई लागत नाही. संशयास्पद दिसणारी गाठ 1 सेंटीमीटरची झाली की सुईची तपासणी करतात. साधी दिसणारी गाठ दीड ते 2 सेंटीमीटरपर्यंत नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते.

नुसत्या हाताने चाचपून सुई घातली तर लहान किंवा खोल गाठ चुकू शकते. अर्धी पाण्याची गाठ असेल तर पाणीच हाती येते. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक दिसत असल्याने शेजारची मोठी रक्तवाहिनी टाळून भरीव भागातल्याच पेशी घेता येतात.

रुग्णाला उताणे झोपवून खांद्याखाली उशी देतात. सुई रक्त काढण्याच्या सुईपेक्षाही बारीक असते. ती दोन-तीन वेळा घालावी लागते. सुई आत असताना गिळू नये, बोलू नये. अर्ध्या तासाच्या आत सारे आटोपते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि पसरण्याचे काय? सुईच्या वाटेवर कर्करोग रुजल्याची उदाहरणे जगभरात अगदी विरळा आहेत. उलट अनावश्यक ऑपरेशनचे मोल मोठे असते. आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते आणि पूर्ण ग्रंथी काढली तर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते.

रिपोर्टमध्ये 'बेथेस्डा' हा शब्द दिसेल. अमेरिकेतील त्या गावी 2007 साली झालेल्या परिषदेतून ही 6 वर्गांची पद्धत आली. वर्ग 1 म्हणजे पेशी अपुऱ्या, तपासणी पुन्हा करावी. वर्ग 2 म्हणजे गाठ साधी. 3 आणि 4 म्हणजे निश्चित सांगता येत नाही. 5 म्हणजे दाट संशय आणि 6 म्हणजे कर्करोग. चौथ्या वर्गात बहुधा ग्रंथीचा अर्धा भाग काढून तपासल्यावरच निकाल लागतो. सुईलाही मर्यादा आहेत, म्हणून वर्ग 2 आला तरी ठरल्या वेळी सोनोग्राफी करून घ्यावी.

अशा रुग्णांसाठी परळ हे जुने ठिकाण आहे. येथे 1926 पासूनचे केईएम, 1941 पासूनचे टाटा रुग्णालय आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे 1963 पासूनचे रेडिएशन मेडिसीन सेंटर आहे. पण पहिल्या तपासणीसाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही. अनुभवी सोनोग्राफी तज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट असतील तर ती आपल्या जिल्ह्यातही होते.

गाठ झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा घरात कुणाला थायरॉईडचा कर्करोग झाला असेल, तर लेप आणि मालिश करण्यात महिने घालवू नका. थायरॉईडचे बहुतेक कर्करोग वेळेवर सापडले तर बरे होतात.