यकृतातील प्रथिने आणि एलिसा किट

मोजायचे काय
रक्तद्रवातील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. प्रतिपिंडे हा त्यातला ठळक अपवाद. मात्र यकृतातील या प्रथिनांच्या प्रमाणांत प्रचंड तफावत असते. अल्ब्युमिन 100 मिलिलिटर रक्तजलात साधारण 3.5 ते 5 ग्रॅम असते, म्हणून ते मोजायला ब्रोमोक्रेसॉल ग्रीनसारखा रंग पुरतो. यकृताच्या कर्करोगात वाढणारे आल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन निरोगी प्रौढात मिलिलिटरला साधारण 10 नॅनोग्रॅमहून कमी, म्हणजे अल्ब्युमिनच्या तुलनेत लाखो पटींनी विरळ. इतक्या गर्दीतून नेमके तेच वेचायचे तर प्रतिपिंडेच हवीत.

किटचे कार्य
ताटलीतील 96 खळग्यांच्या तळाशी एक प्रतिपिंड चिकटवलेले असते. ते नमुन्यातील प्रथिन धरते. बाकीचे धुऊन जाते. मग त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड बसते. विकराच्या क्रियेने रंग उमटतो आणि ज्ञात प्रमाणांच्या नमुन्यांवरून काढलेल्या आलेखाशी ताडून आकडा मिळतो. 1971 मध्ये स्वीडनमधील एंगवाल व पर्लमान आणि नेदरलँड्समधील वान वीमेन व स्खूर्स यांनी ही रीत, म्हणजेच एलिसा, स्वतंत्रपणे मांडली. त्यापूर्वी यालो व बर्सन यांच्या पद्धतीत विकराच्या जागी किरणोत्सारी आयोडिन असे.

सेवाग्रामची काडी
अचूक ओळख पटवते ते प्रतिपिंड. विकर फक्त वर्दी देते. म्हणून ते बदलता येते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना 1969) डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या चाचणीसाठी पेनिसिलिनेज हे विकर वापरले. हे विकर पेनिसिलिनचे विघटन करते, त्यातून होणारे आम्ल आयोडिन वापरून टाकते आणि स्टार्च-आयोडिनचा निळा रंग नाहीसा होतो. रंग जाणे हाच होकार, हे नवख्या तंत्रज्ञाला थोडे उलटे वाटावे. पटल लावलेल्या काडीवर ही चाचणी होत असल्याने ताटलीवाचक यंत्राची गरज नव्हती. हत्तीरोगाचे सूक्ष्मकृमी प्रामुख्याने रात्री रक्तात येतात, त्यामुळे काचपट्टीसाठी रक्तही रात्रीच घ्यावे लागे. कृमींचे प्रतिजन मात्र दिवसाच्या रक्तातही सापडतात. वर्धा जिल्ह्यासारख्या हत्तीरोगग्रस्त भागात ही सोय मोठी होती.

यकृतासाठी हीच काडी पुरेल का? ‘आहे की नाही’ एवढ्यासाठी कदाचित. पाठपुराव्यासाठी आकडाच लागतो.

उपयोग
यकृताच्या कर्करोगात आल्फा-फीटोप्रोटीन वाढते, हे 1964 मध्ये तातारिनोव यांनी दाखवले. सिरोसिसच्या रुग्णांवर देखरेख ठेवताना सोनोग्राफीच्या जोडीला ही तपासणी होते. गाठ पूर्ण काढली गेली, तर प्रमाण साधारण 5 ते 7 दिवसांत निम्मे होत जाते; घट अडखळली की शंका घेतली जाते. फेरिटिन व सेरुलोप्लाझ्मिनही प्रतिपिंडांच्या आधारे मोजता येतात. सेरुलोप्लाझ्मिन कमी असणे विल्सन रोगाकडे बोट दाखवते.

मर्यादा
गरोदरपणात आणि हिपॅटायटिसनंतर यकृत सावरत असतानाही आल्फा-फीटोप्रोटीन चढते. उलट अनेक लहान गाठींत ते वाढतच नाही. दोन कंपन्यांच्या किटची प्रतिपिंडे वेगळी असल्याने आकडे जुळतीलच असे नाही, म्हणून एका रुग्णाचा पाठपुरावा एकाच किटवर व्हावा. बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या काही किटना चकवतात. सर्वांत फसवी अडचण अतिरेकाची: प्रथिन प्रचंड असेल आणि नमुना व विकरयुक्त प्रतिपिंड एकाच वेळी घातले असतील, तर दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंना चिकटतात, जोडी जुळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी नमुना विरळ करून पुन्हा चालवतात; विरळ केल्यावर आकडा वाढला, तर पहिला चुकीचा होता.